रेंज येते का हो?

पूर्वी दिवाळीला पाहुणे आले, की पायांवर पाणी घेता घेता त्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले असत. गाडीला गर्दी होती का, बसायला जागा मिळाली का आणि बरोबरचा डबा पुरला का. या तिन्ही प्रश्नांना आता रजा मिळाली आहे. जागा महिनाभर आधी राखलेली असते, आणि डबा बांधून घेण्याची चाल तर जवळजवळ उठलीच. आता प्रश्न एकच उरला : "वाटेत रेंज होती का?" पाहुणाही मोठ्या आस्थेने उत्तर देतो, "बडनेऱ्यापर्यंत होती, मग गेली, ती एकदम पुलगावला आली!" जणू काही रेंज ही त्याच्याबरोबर निघालेली एखादी मावशी असून, ती वाटेत कुठेशी उतरली आणि पुन्हा पुढच्या स्टेशनावर गाडीत चढली!

आमचे गाव वर्धा. आगगाडीच्या दृष्टीने मोठे मोक्याचे ठिकाण. मुंबई-हावडा मार्ग इथून जातो, आणि दिल्ली-चेन्नईच्या गाड्या जवळच्याच सेवाग्रामवरून धावतात. या स्टेशनाचे पूर्वीचे नाव वर्धा पूर्व. फेब्रुवारी २०२४ मध्ये देवळीवरून यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपर्यंत नवी गाडी सुरू झाली, आणि समृद्धी महामार्ग तर डिसेंबर २०२२ पासूनच सेलू-आर्वीच्या शेतांमधून धावतो आहे. सांगायचे एवढेच, की चारी दिशांनी माणसे येथून ये-जा करतात, आणि त्या प्रत्येकाच्या खिशात एक यंत्र असून ते सतत कोणाला तरी शोधीत असते.

तसे पाहिले तर निरोप चुकण्याचा त्रास या गावाला नवा नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले त्याचे नाव शेगाव. पण त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचेच नाव बदलून 'सेवाग्राम' केले. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून आश्रमात टेलिफोन आला. तो आजही तेथे पाहायला मिळतो. एका माणसाशी बोलण्यासाठी साक्षात व्हाइसरॉयला खेड्यापर्यंत तार ओढावी लागली! आज त्याच आश्रमाबाहेर उसाचा रस पीत उभी असलेली कॉलेजची पोरे व्हिडिओवर बोलतात, आणि चित्र क्षणभर अडकले तर कपाळाला आठ्या घालतात.

असो. मुद्दा प्रवासातल्या इंटरनेटचा. तो आपल्यापर्यंत आणून पोचवण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत निरनिराळ्या बिनतारी पद्धतींमध्ये जी चुरस लागली ती मोठी गमतीची आहे. तांत्रिक भाषेत सांगू लागलो तर वाचक भगिनी पान उलटून पाककृतींकडे वळतील, म्हणून घरातलीच उदाहरणे देतो. वायफाय म्हणजे देवघरातली समई. १९९७ साली त्याचे नियम प्रथम बांधले गेले आणि १९९९ पासून ते या सुटसुटीत नावाने बाजारात आले. उजेड लख्ख, पण खोलीपुरता. फार तर ओसरीपर्यंत. मोबाइलचे जाळे म्हणजे रस्त्यावरचे दिवे. एकेकट्याचा उजेड थोडा, पण एकाच्या उजेडातून बाहेर पडावे तो दुसऱ्याच्या उजेडात पाऊल पडते. आणि उपग्रह म्हणजे चंद्र. सगळीकडे दिसतो, पण त्याच्या उजेडात पोथी वाचता येईल की नाही, हा प्रश्न!

या तिघांत एकदा चौथा भिडू उतरला होता. त्याचे नाव वायमॅक्स. आज घरातल्या मुलांना विचारा; कोणाला हे नाव ठाऊक नसेल. पण २००५ च्या डिसेंबरात त्याची फिरतीवर चालणारी आवृत्ती मान्य झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचे केवढे कौतुक झाले! गावाच्या मध्यभागी उंच खांबावर एकच प्रखर दिवा लावायचा, की कोसभरातली सारी घरे, बैलगाड्या, मोटारी उजळून निघाल्या, असा थाट. इंटेलसारखी बडी कंपनी पाठीशी होती. आपल्याकडे भारत संचार निगमने खेड्यांपर्यंत इंटरनेट नेण्यासाठी ही पद्धत हाताशी धरली. अमेरिकेत स्प्रिंट कंपनीने २००८ साली बाल्टिमोर शहरात ती सुरू केली.

आणि तेवढ्यात १४ डिसेंबर २००९ रोजी स्टॉकहोम व ऑस्लो या शहरांत एलटीई नावाची पद्धत सुरू झाली. आपण जिला '४जी' म्हणतो ती हीच. २०१० च्या जूनमध्ये आपल्या सरकारने २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव केला. देशातल्या बावीसही विभागांमधल्या लहरी इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा कोणाला माहीत नसलेल्या कंपनीने घेतल्या, आणि त्याच दिवशी रिलायन्सने ती कंपनी विकत घेतली! त्या लहरींवर दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालवता आली असती. पण २०१२ च्या एप्रिलात एअरटेलने कोलकात्यात एलटीई सुरू केली, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली, आणि वायमॅक्सचा निकाल लागला. स्प्रिंटने तर २०११ सालीच एलटीईकडे जाण्याचे जाहीर केले होते.

मला विचाराल, तर वायमॅक्समध्ये गुण कमी नव्हते, नातेवाईक कमी होते. ४जीचा फोन त्याचा दिवा दिसेनासा झाला की थोरल्या भावाच्या, म्हणजे ३जीच्या घरी उतरे; तोही नसला तर आजोबांच्या, म्हणजे २जीच्या ओसरीवर. काही ना काही आसरा मिळेच. वायमॅक्सच्या उजेडाबाहेर गेलात की थेट काळोख. प्रवासात निघालेल्या माणसाला असा एकुलता एक दिवा काय कामाचा? जगभरच्या मोबाइल कंपन्या मूळच्या त्या एकत्र कुटुंबातल्या, त्यांनी घरातलीच सून पसंत केली. यंत्रे बनवणारेही तिकडेच वळले आणि फोन स्वस्त झाले.

याच काळात लॅपटॉपच्या कडेला खुपसायचे 'डोंगल' नावाचे एक बोटभर प्रकरण घरोघर आले होते. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट, एमटीएस अशी त्यांची घराणी. एकाचे सिम दुसऱ्यात चालत नसे. आमच्या फडताळात अजून दोन पडून आहेत. ही म्हणजे आमची सौभाग्यवती त्यांतल्या एकाने लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडते.

आता गाडीकडे येतो. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या असतात, तरीही पान उघडत नाही. हे काय गौडबंगाल आहे, असे मला पुष्कळ जण विचारतात. पहिली गोष्ट अशी, की ताशी १२० किलोमीटरने धावणारी गाडी मिनिटाला दोन किलोमीटर कापते. म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी तुमच्या फोनला एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो. दुसरे असे, की तुमच्याबरोबर डब्याडब्यांतले हजार-दीड हजार फोन त्याच क्षणी त्याच टॉवरच्या दारात जाऊन उभे राहतात. काड्या दाखवतात ते टॉवर किती जवळ आहे एवढेच. त्याच्या दारात किती रांग आहे ते त्या सांगत नाहीत. तिसरे, डबा लोखंडाचा. वातानुकूल डब्याच्या काचा बंद, त्यांवर ऊन अडवणारा लेप; त्यात लहरीही अडतात. साध्या शयनयान डब्यात मात्र खिडकीच्या गजांमधून वारा, धूळ आणि रेंज तिन्ही आत येतात. जास्त पैसे मोजून कमी रेंज घेणे, हा व्यवहार मला अजून पटलेला नाही.

आणखी एक खुबी आहे. लहरी जितक्या बारीक, तितक्या त्या वेगाने माल वाहतात, पण लवकर दमतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर शेताशेतांवरून दूर जाते. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जी सुरू झाले, त्यातली ३५०० मेगाहर्ट्झची लहर भिंत लागली की मान टाकते. म्हणून शहरात ऐटीत चालणारा फोन रानात मुका होतो, आणि जुन्या वळणाचा फोन बोलत राहतो.

याचा प्रत्यय दोन वर्षांपूर्वी आला. आम्ही चौघे वर्ध्याहून पुण्याला निघालो होतो. पुलगावला बाप-लेक आमच्या समोर येऊन बसली. गृहस्थ आर्वीकडचे शेतकरी, मुलगी सतरा-अठरा वर्षांची. तिला पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली होती. ती स्वीकारल्याचे ऑनलाइन कळवून शुल्क भरण्याची मुदत त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. सकाळपासून ते संकेतस्थळ उघडतच नव्हते, म्हणून प्रवासात भरू, असे ठरवून निघालेले. गाडी हलली तेव्हा सव्वादोन झाले होते.

वर्धा नदीचा पूल गेला. ज्या पुलावरून त्या गावाला पुलगाव म्हणतात, तोच. मुलीच्या फोनवर नुसते चाक फिरत होते. थोड्या वेळाने गृहस्थ संकोचाने म्हणाले, "भाऊ, तुमच्या फोनात नेट येऊन राह्यलं काय जी? आमच्याचं तं पार मेलं."

आमच्या चिरंजीवांनी आपला नवा ५जी फोन मोठ्या ऐटीत पुढे केला. काड्या पूर्ण; पान उघडेना. कन्येचा फोन दुसऱ्या कंपनीचा. त्यावर काडीच नाही. माझ्या फोनवर बोलणे होत होते, पण इंटरनेट नाही. धामणगाव आले, गेले. मुलगी काही बोलत नव्हती. फक्त फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. एवढ्यात आमची ही म्हणाली, "अहो, माझ्यावर बघा ना. मघाशी भजन लागलं होतं." हिच्या जुन्या फोनची आणि त्यातल्या सिमची आमच्या घरात रोज टिंगल चालते. ते कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. उगाच फुकट जाहिरात व्हायची. पण त्यावर ४जीच्या दोन काड्या उभ्या होत्या. चिरंजीवांनी त्याचा हॉटस्पॉट सुरू केला, मुलीचा फोन त्याला जोडला आणि पान उघडले!

जागा स्वीकारली. शुल्काचे पान आले. बँकेचे पान आले. आणि बँकेने सांगितले, की ओटीपी पाठवला आहे. तो कुठे? खात्याला जोडलेल्या फोनवर. आणि तो फोन कुठे? घरी, मुलीच्या आईपाशी!

माझ्या फोनवरून घरी बोलणे लागले. मुलगी म्हणाली, "आई, मेसेज आला असन, वाच लवकर." आई शहाणी बाई. तिने पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतले. कोणत्या बँकेकडून, किती रुपयांसाठी, हा क्रमांक कोणालाही सांगू नका, बँकेचा माणूस असला तरी सांगू नका... "आई, नुसता नंबर!" आणि नेमके तिथे बोलणे तुटले. पुन्हा लावले, लागेना. पुन्हा लावले, तोवर क्रमांकाची मुदत संपलेली. नवा मागवला. या खेपेला आईने आकडे दोन-दोनदा वाचले. मुलीने घातले. चाक फिरू लागले. चांदूर मागे पडले, मालखेडच्या बाजूचे जंगल सुरू झाले, आणि हिच्याही फोनवरच्या काड्या गेल्या.

पैसे गेले की नाहीत? जागा राहिली की गेली? गृहस्थांनी एकदाच विचारले, "झालं काय, माय?" मुलगी म्हणाली, "फिरून राह्यलं, बाबा." मी घड्याळ पाहायचे सोडून दिले. आमच्या कन्येने चिवडा पुढे केला, कोणी हात लावला नाही. बडनेरा जवळ आले तेव्हा हिचा फोन खणखणला, आणि लागलीच मुलीच्या हातातल्या फोनवर पावती उमटली. पावतीवर वेळ होती दोन वाजून बावन्न मिनिटे. गृहस्थांनी टोपी काढून कपाळ पुसले आणि हिला म्हणाले, "बाई, तुमचं सिम लय गुणाचं." चिरंजीवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्या पाऊण तासात या साऱ्या पद्धती एकमेकींशी कशा वागतात ते मला कळले. चुरस, चुरस म्हणतो ती खरी केव्हाच मिटली आहे. हॉटस्पॉट म्हणजे वायफाय आणि मोबाइल यांची सोयरीकच. लांबचा पल्ला मोबाइलने मारायचा आणि डब्यातला शेवटचा हातभर वायफायने. आणि ओटीपी ज्या एसएमएसने आला तो त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा. इंग्रजी १६० अक्षरांचा, मराठीत लिहिलात तर अवघ्या ७० अक्षरांचा हा निरोप, टॉवरने फोनला हाका मारण्यासाठी राखलेल्या पायवाटेने जातो. म्हणून इंटरनेट बंद असतानाही तो पुष्कळदा पोचतो. पण प्रवासात पैसे भरायचे तर पायवाट आणि हमरस्ता दोन्ही एकदम खुले लागतात, हा बँकांच्या व्यवस्थेतला पेच आहे. खात्याला जोडलेला फोन घरात ज्याच्याकडे राहतो, तोच प्रवासाला निघतो असे मुळीच नाही. घरात एकच बँक-खाते आणि एकच जुना क्रमांक असणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी नाहीत. शहरातल्या योजनाकारांना ती दिसत नाहीत, एवढेच.

स्टेशनावरच्या वायफायचीही तीच तऱ्हा. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगल यांनी ते सुरू केले. २०१८ पर्यंत ४०० स्टेशने झाली. २०२० साली गूगलने अंग काढून घेण्याचे जाहीर केले, पण रेलटेलने काम पुढे नेले आणि हजारो स्टेशनांवर ते पोचवले. पहिला अर्धा तास फुकट. सोय उत्तम. मात्र आत शिरायला मोबाइल क्रमांक द्यावा लागतो आणि त्यावर येणारा ओटीपी! म्हणजे ज्याची रेंज गेली आहे, किंवा न्यू जर्सीहून दिवाळीला आलेल्या ज्या भाच्याकडे इथले सिमच नाही, तो दारातच अडला. शिवाय दोन मिनिटे थांबणाऱ्या गाडीतल्या माणसाला फलाटावरच्या समईचा काय उपयोग? तो उजेड चहावाल्याला आणि गाडी उशिरा असलेल्यांना. तेही काही कमी नाही म्हणा. परीक्षेचा अभ्यास फलाटावर बसून करणारी मुले मी पाहिली आहेत.

एसटीत मध्यंतरी वायफाय आले होते, त्यात मुळात इंटरनेट नव्हतेच. डब्यात भरून ठेवलेले सिनेमे नि गाणी होती. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी कंडक्टरला फार छळले.

राहता राहिला चंद्र. २०१३ च्या एप्रिलात हावडा राजधानी एक्स्प्रेसमध्ये उपग्रहाच्या साह्याने वायफाय देऊन पाहिले होते. गाडीच्या टपावर तबकडी, आत वायफाय. खर्च परवडेना. २०२१ साली सरकारने संसदेत सांगितले, की तो प्रयोग थांबवला आहे. जुने उपग्रह पृथ्वीपासून ३६,००० किलोमीटरवर. निरोप वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. स्टारलिंकचे नवे उपग्रह अवघ्या साडेपाचशे किलोमीटरवरून, पण हजारोंच्या संख्येने फिरतात. एक मावळला की दुसरा डोक्यावर. म्हणजे तीही शेवटी रस्त्यावरच्या दिव्यांचीच युक्ती. फरक इतका, की इथे माणूस धावत नाही, दिवे धावतात! २०२५ च्या जूनमध्ये तिला आपल्या दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला भारत संचार निगमच्या स्वदेशी ४जीचे उद्घाटन झाले, साडेसत्त्याण्णव हजार टॉवरांसह. माझा जीव दुसऱ्या बातमीत अधिक गुंतला. आष्टी-कारंज्याच्या डोंगराळ भागात आणि बोरच्या जंगलाकडेच्या वाड्यांना चंद्राची तबकडी विकत घेणे परवडायचे नाही. टॉवर आला तर त्यांना चालेल.

या दिवाळीला वर्ध्याकडे येणाऱ्या मंडळींना आमच्या घरातली व्यवस्था सांगून ठेवतो. एका फोनात दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमे, त्यांतले एक तरी जुने, रानात टिकणारे. तिकिटे, नकाशे आणि भजने निघण्यापूर्वीच फोनात उतरवलेली. पैसे भरायचे ते मोठ्या स्टेशनावर गाडी उभी असताना किंवा घरूनच. आणि ज्या फोनवर ओटीपी येतो तो ज्याच्यापाशी असेल, त्याला आधी सांगून ठेवायचे, की मजकूर नको, नुसते आकडे वाच. हिने आता आपल्या फोनसाठी एक लहानशी विजेची पेटीही घेतली आहे, कारण हॉटस्पॉट बॅटरी फार खातो. गाडीत बसली, की शेजारच्या बायका जागा विचारायच्या आधी तिलाच विचारतात, "बाई, तुमच्यावर रेंज येते का हो?"